विसाव्या वाक्याखालची टिंबं

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. एका अख्ख्या शहरातले इंग्रजी ‘टी’ आणि ‘ओ’ संपले, आणि त्यामुळे माझं लग्न झालं.

हसा, खुशाल हसा. माझी नातही हसली.

ती सकाळपासून माझ्यासमोर बसून मोबाइलवर काहीतरी लिहीत होती आणि पुसत होती. लिहायची, ओठ चावायची, पुसायची. कुणालातरी काहीतरी सांगायचंय, एवढं कळायला मला चष्मा लागत नाही. शेवटी मोबाइल मांडीवर पालथा टाकून तिनं विचारलं, “आजोबा, तुम्ही आजीला कसं विचारलंत हो?”

मी आधी मागं वळून पाहिलं. तिची आजी आतल्या खोलीत उशांना अभ्रे घालत होती. तिचा डावा कान, म्हणजे नेमका आमच्या बाजूचा, गेली तीन वर्षं बंद आहे. मैदान मोकळं होतं.

“ऐक,” मी म्हणालो.

मी तेव्हा जुळारी होतो. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. समोर उतरती लाकडी पेटी, पेटीत खण, प्रत्येक खणात एकच अक्षर. डाव्या हातात पट्टी धरायची आणि उजव्या हातानं अक्षरं वेचून तीत उभी करायची. शब्द झाला, ओळ झाली, पान झालं की दोऱ्यानं घट्ट बांधायचं. शहरातला सगळ्यात वेगवान जुळारी मीच. माझा हात खणांवरून फिरला की पेटीवरची धूळ उडायची आणि मालकांना शिंका यायच्या. दिवसाला चाळीस शिंका, ही माझ्या कामाची खूण होती.

“आजोबा...”

“बरं, तीस.”

तर एका दुपारी बांधलेलं पान हातावर तोलत मी यंत्राकडे निघालो होतो. औषधाच्या दुकानाची जाहिरात होती, चार दिवसांचं काम. तेवढ्यात दार उघडलं. छापखान्याचं दार आतल्या बाजूला उघडतं हे नवख्या माणसाला माहीत नसतं. ते माझ्या कोपराला लागलं, पान निसटलं, दोरा सुटला... आणि चार दिवस फरशीवर सांडले.

त्या आवाजानंतर जी शांतता झाली, तीत ती उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात कागदांची गुंडाळी, कपाळावर घामानं चिकटलेली एक बट. मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं.

“मी करते गोळा,” ती म्हणाली आणि सरळ खालीच बसली.

आता फरशीवर पडलेले खिळे नवख्यानं गोळा करणं म्हणजे आणखी चार दिवसांची निश्चिंती. पण ती एकेक खिळा उचलायची, उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करून वाचायची. मला तिला ऊठ म्हणवेना. मीही खाली बसलो.

“अहो, हे उलटं आहे!” तिनं एक खिळा माझ्यासमोर धरला.

“बाई, आमच्याकडे सगळं उलटंच असतं. कागदावर गेलं की सरळ होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. खिळ्यांकडे पाहत होती तसंच, डोळे बारीक करून. “माणसंसुद्धा?”

त्या दिवशी ‘एच’च्या खणात सात ‘एन’ निघाले. मी ते कित्येक आठवडे हलवले नाहीत.

ती शिकवायची. कामावरून सुटलेल्या मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग होता तिचा. दवाखान्यातल्या दोन परिचारिका, एक घड्याळजी, ट्रक चालवणारा एक धिप्पाड माणूस, लिफ्ट दुरुस्त करणारे दोघं भाऊ. सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडायचं. म्हणून तिनं स्वतःच बत्तीस पानांचं एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. इंग्रजीत क्रियापदाच्या आधी ‘टू’ येतो ना, ‘टू गो’, ‘टू ईट’, तो कुठं घालायचा, कुठं नाही, आणि घातल्यावर पुढच्या क्रियापदाचं काय करायचं, एवढ्या एकाच गोष्टीवर बत्तीस पानं! मालकांनी कागद चाळले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, पुन्हा कपाळावर ढकलला आणि गुंडाळी माझ्याकडे दिली. “तुझ्यामुळे पडलं, तूच जुळव,” असं ते म्हणाले. पडलं तिच्यामुळे होतं. पण आयुष्यात इतक्या आनंदानं आळ अंगावर घेतल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

चार पानं झाली. पाचव्या पानाच्या मध्यावर माझा हात ‘टी’च्या खणात गेला आणि बोटांना लाकूड लागलं.

‘ओ’चा खण पाहिला. तोही रिकामा.

आणि हे अगदी खरं आहे हं. तूच हिशेब कर. प्रत्येक वाक्यात एक ‘टू’, कुठं दोन. पानाला तीस-पस्तीस वाक्यं. वर त्या इंग्रजांना ‘टी’शिवाय आणि ‘ओ’शिवाय घोटभर पाणीसुद्धा मागता येत नाही. मी शेजारच्या छापखान्यात गेलो. तिथं निवडणुकीची पत्रकं चालली होती. वर ‘व्होट’, खाली ‘व्होट’, त्यांचाही खण रिकामा. तिसऱ्याकडे गेलो, चौथ्याकडे गेलो. चौथा तर माझ्याकडेच मागायला निघाला होता, रस्त्यात भेटला. संबंध शहरात एक ‘टी’ उरला नव्हता!

“पण आजोबा, पोस्टरची अक्षरं लाकडाची असतात ना, तळहाताएवढी? तुम्हीच सांगितलं होतंत.”

“पत्रकं म्हणालो मी. पोस्टर नव्हे. तू ऐकणार आहेस की साक्ष नोंदवणार आहेस?”

ती प्रूफ वाचायला आली तेव्हा मी तिला रिकामे खण दाखवले.

“मग आता?” ती घाबरली.

“आता असं, की एक पान जुळवायचं. तुम्ही येऊन तपासायचं. ते छापायचं. मग सोडवायचं, एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. तेच ‘टी’, तेच ‘ओ’ घेऊन दुसरं पान. दिवसाला एकच पान होईल.”

“म्हणजे मला रोज यावं लागेल?”

मी चेहरा शक्य तितका दुःखी केला. “इलाज नाही, बाई.”

असे आम्ही रोज भेटायला लागलो. दुपारी चारच्या सुमाराला उंच खिडकीतून उन्हाची एक पट्टी माझ्या पेटीपर्यंत यायची, तिच्या मागोमाग ती यायची. तिपाईवर बसायची. मी ओल्या कागदावर काढलेलं प्रूफ तिच्यापुढे ठेवायचो. शाईचा वास, रॉकेलचा वास, आणि तिनं पेन्सिलीला टोक केलं की त्या लाकडाचा वास... कुणी अत्तर म्हणून विकला असता तर मी बाटली घेतली असती.

चुका खुणांनी दाखवायची पद्धत मीच तिला शिकवली. अक्षर उलटं पडलं तर ही खूण, जागा हवी तर ही, काढून टाकायचं तर आडवी काट. “आणि काट मारल्यावर वाटलं, की नको, होतं तेच बरं होतं?” तिनं विचारलं. “मग त्या शब्दांखाली टिंबं द्यायची,” मी म्हणालो, “ओळीनं बारीक बारीक. म्हणजे काट मारली असली तरी आहे तसं राहू द्या.”

“छान आहे,” ती म्हणाली. “माणसाला मन बदलायची सोय.”

आणि ती मला ‘टू’ शिकवायची. माझं शिक्षण बेताचं. अक्षरं जुळवायचो, अर्थाच्या वाटेला जायचो नाही.

“हे बघा, ‘टू’ आला की क्रियापद घरच्या कपड्यांत येतं. कोट नको, शेपूट नको. ‘टू गो’. ‘टू वेंट’ नाही, ‘टू गोइंग’ नाही. काल गेला असेल, उद्या जाणार असेल, ‘टू’पुढे फक्त ‘गो’.”

“घरच्या कपड्यांत म्हणजे... बनियनवर?”

“अहो जुळारी!” पण हसली. हसताना ती हनुवटी खाली घ्यायची, जणू हसू कागदावर सांडू नये.

मग माझ्या लक्षात आलं, की पुढची पानं ती घरून नव्यानं लिहून आणतेय आणि उदाहरणं बदलायला लागली आहेत. पहिल्या चार पानांत शेतकऱ्याला नांगरायचं होतं, राजाला जिंकायचं होतं. आठव्या पानावर मी जुळवत होतो: ‘ही फरगॉट टू शेव्ह धिस मॉर्निंग.’ आज सकाळी तो दाढी करायला विसरला. मी गालावरून हात फिरवला. खरंच विसरलो होतो. नवव्या पानावर: ‘ही हॅज टू वॉश हिज हँड्स.’ त्याला हात धुवायला हवेत.

त्या संध्याकाळी मी घरी मोरीत बसून विटेच्या तुकड्यानं नखं घासत होतो. आई दारात येऊन उभी राहिली. जरा वेळ पाहत राहिली.

“कोण आहे?” तिनं विचारलं.

“कोण कुठं?”

“बारा वर्षं शाईच्या हातानं जेवतोयस. आज नखं घासतोयस. नाव नको सांगूस, पण तिला माझा नमस्कार सांग. माझ्या हयातीत मला जमलं नाही ते तिनं करून दाखवलं.”

दहाव्या पानावर वाक्य आलं: ‘ही ट्राइड टू वॉश हिज हँड्स.’ त्यानं हात धुवायचा प्रयत्न केला.

“प्रयत्न?” मी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. “कातडी निघाली, बाई!”

तिनं माझी बोटं नुसती पेन्सिलीच्या मागच्या टोकानं उलटी केली, पाहिली. “अंगठा राहिलाय,” ती म्हणाली. आणि एवढं बोलून कानापर्यंत लाल झाली...

आता खोटेपणाकडे येतो. मी काही साधुसंत नाही.

त्याच आठवड्यात मालकांनी मागवलेले नवे खिळे आले. पत्र्याचा डबा, गच्च भरलेला, नुसते ‘टी’ आणि ‘ओ’. चकचकीत. पंधरा पानं एकदम उभी राहिली असती. मालक नेमके दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. डबा मी घेतला, पावतीवर सही मी केली... आणि कागदाच्या गठ्ठ्यांमागे, खळीच्या भांड्याखाली तो मी ठेवून दिला.

“आजोबा!” नात म्हणाली. “तिचं पुस्तक अडलं होतं आणि तुम्ही—”

“मला काय माहीत अडलंय ते! मला वाटलं, पुस्तकच आहे. आज नाही तर पुढच्या महिन्यात. पुस्तक काही दूध नाही नासायला.”

चौदाव्या पानाच्या दिवशी ती आली आणि माझ्यापुढे एक कागद ठेवून समोरच उभी राहिली. डोळ्यांत काहीतरी चमकत होतं.

“आज एकाऐवजी दोन पानं होतील तुमची,” ती म्हणाली. “हे पान वेगळं आहे. ‘लेट’ आणि ‘मेक’ची वाक्यं. या दोघांपुढे ‘टू’ लागतच नाही. ‘लेट हिम गो’, ‘मेक हर लाफ’. अख्ख्या पानात एकही ‘टू’ नाही. मोजून पाहा.”

मी मोजलं नाही. मला घाम फुटला होता. या पानाला खणांतले खिळे पुरले असते. उद्या तिनं अशी आणखी पाच पानं आणली, तर ‘रोज’ संपलंच.

“नाही होणार, बाई.”

“का? आता काय संपलं?”

मी पेटीकडे पाहिलं. देवानं त्या क्षणी माझ्या तोंडात जे घातलं, ते मी बोललो. “पूर्णविराम.”

“पूर्णविराम?”

“एकही नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हनुवटी खाली गेली. “पूर्णविरामच संपले तर वाक्य थांबणार कसं?”

“न थांबलं तर... बिघडेल का काही?”

यंत्र बंद होतं. बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. तिनं तो कागद उचलला, नीट घडी घातली आणि म्हणाली, “बरं. मग उद्या येते.”

तेवीस पानं झाली. आणि बुधवारी ती आली तेव्हा तिनं पिशवीतून पेन्सिल काढलीच नाही.

“किती राहिली?” तिनं विचारलं.

“नऊ.”

“शनिवारी सकाळच्या गाडीनं मी जातेय.” ती प्रूफाकडे पाहत बोलत होती, पण वाचत नव्हती. “मामांनी दुसऱ्या शहरात कॉलेजात माझ्यासाठी शब्द टाकलाय. कायमची जागा. कॉलेजची अट आहे, मुलाखतीला येताना छापलेलं पुस्तक हातात हवं. नुसत्या हस्तलिखितावर जागा देत नाहीत. पुस्तक नसेल तर दुसरी कुणी बसलेलीच आहे.”

“आणि असेल तर?”

“असेल तर मी तिकडेच.”

“आणि तुमचा वर्ग? तो ट्रकवाला?”

“तो परवा माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, ‘आय डोंट वाँट टू लूज माय टीचर.’ एकही चूक नाही.” ती हसायला गेली आणि जमलं नाही. “दिवसाला एक पान म्हटलं तर शनिवारपर्यंत होत नाही, हो ना?”

तिनं असं विचारलं, की त्यात हो हवं होतं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता बघ. डबा खळीच्या भांड्याखाली. मी गप्प बसलो असतो तर पुस्तक झालं नसतं, जागा गेली असती, आणि ती इथंच राहिली असती. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यासारखं सोपं काम जगात नाही. पण बत्तीस पानं तिनं एकटीनं लिहिली होती, वर्गावरून आल्यावर, एकेक वाक्य. आणि ती माझ्या डब्यात अडकली होती.

मी उठलो. गठ्ठ्यांमागे गेलो. डबा आणून तिच्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं.

“सापडले,” मी म्हणालो.

तिनं डब्यातला एक ‘टी’ उचलून उजेडाकडे धरला. “कुठं होते?”

“मागं.”

“कधीपासून?”

मी पहिल्यांदाच तिच्याशी खरं बोललो. “दहाव्या पानापासून.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. शेवटच्या पानांचे कागद तिनं पेटीवर ठेवले आणि म्हणाली, “मग होईल तर शुक्रवारपर्यंत.” आणि गेली.

पुढचे दोन दिवस मी जे काम केलं, तसं पृथ्वीतलावर कुणी केलेलं नाही. बोटं दिसेनाशी झाली होती. पट्टी तापली, मालकांनी तिच्यावर पाण्याचा हबका मारला, वाफ निघाली. त्या दोन दिवसांत मालक शंभर वेळा शिंकले आणि शेवटी घरी जाऊन झोपले. आठ पानं हातावेगळी झाली. राहिलं बत्तिसावं.

शेवटचा सराव होता. वर ‘खालील वाक्यं पूर्ण करा’, खाली वाक्यं. वीस हवी होती, पण तिनं एकोणीसच लिहिली होती. खाली एक ओळ मोकळी. पानाच्या शेवटी मोकळी ओळ म्हणजे पडलेल्या दातासारखी दिसते, कुठलाही जुळारी ती तशी सोडत नाही.

मी पेटीसमोर उभा राहिलो. ‘टी’ होते. ‘ओ’ होते. हवे तितके. आणि मी, ज्यानं जन्मात स्वतःचं एक वाक्य जुळवलं नव्हतं, त्यानं विसावं वाक्य जुळवलं.

‘समवन हॅज टू आस्क हर टू स्टे.’ कुणीतरी तिला थांब म्हणायला हवं.

नातीच्या हातातला मोबाइल खाली आला होता. “स्वतःच्या मनानं?”

“स्वतःच्या मनानं! दोन ‘टू’, दोन्हींपुढे क्रियापदं घरच्या कपड्यांत. एक चूक काढून दाखव. प्रूफ काढलं आणि मग माझा धीर सुटला. म्हटलं, तू कोण रे? शिशात हात घालणारा. तिची कॉलेजातली जागा, तिचा मामा, तिची गाडी. मी पेन्सिल घेतली आणि विसाव्या वाक्यावर एक सरळ आडवी काट मारली.”

शुक्रवारी ती आली. उन्हाची पट्टी पेटीवरच होती. तिपाईवर बसली, वाचायला लागली. एक ते एकोणीस ती भराभर गेली. विसाव्यापाशी थांबली.

मी यंत्राला तेल घालत होतो. त्याला तेलाची गरज नव्हती, आधीच दोनदा घातलं होतं.

पेन्सिलीचा आवाज आला. बारीक, टिपटिपटिपटिप... असा. मग तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

काटेखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, ओळीनं टिंबं दिलेली होती.

माझ्या हातातली तेलाची झारी यंत्रावर वाहत राहिली. पुढे आठवडाभर त्या यंत्रावर छापलेली प्रत्येक लग्नपत्रिका पारदर्शक निघाली.

“व्याकरण बरोबर आहे,” ती म्हणाली. आवाज वर्गातला ठेवायचा प्रयत्न करत होती. “पण ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, ते या वाक्यात कळत नाही.”

“मी,” मी म्हणालो.

“मग म्हणा.”

“काय?”

“अहो, जे म्हणायला हवं म्हणता, ते...”

“थांबा,” मी म्हणालो. “बाई... थांबा.”

ती थांबली. पुस्तक शुक्रवारी संध्याकाळी बांधून झालं, शनिवारची गाडी एका रिकाम्या जागेसह गेली, आणि पुस्तकाची पहिली प्रत ट्रकवाल्यानं दोन्ही हातांनी घेतली. तेव्हापासून पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. मामांनी पुढे कितीदा सुचवलं, तरी विसावं वाक्य कुणी हलवलं नाही. तर पोरी, असं विचारायचं असतं. मनातलं वाक्य बेधडक जुळवायचं. तुझा आजोबा एका ओळीत—

“खोटं!”

मी दचकलो. आतल्या खोलीच्या दारात आजी उभी होती. काखेत उशी, अर्धा अभ्रा घातलेली. आणि मान अशी वळवलेली, की उजवा कान नेमका आमच्या बाजूला.

“अगं, तू कधीपासून...”

“चाळीस शिंकांपासून.” ती पुढे आली, उशी माझ्या मांडीवर टाकली आणि नातीशेजारी बसली. “तू यांचं काय ऐकतेस? डबा म्हणे लपवला होता. मी तो दुसऱ्याच दिवशी पाहिला. खळीचं भांडं तिरकं का बसलंय म्हणून डबा सरकवायला गेले, तर जागचा हलेना. रिकाम्या डब्याचं वजन असतं होय एवढं? झाकण उघडलं, तर आत नुसते ‘टी’ आणि ‘ओ’. ‘लेट’ आणि ‘मेक’चं पान मुद्दाम लिहून आणलं, म्हटलं बघू हा गडी आता काय संपवतो. पूर्णविराम संपवले! घरी जाईपर्यंत रस्त्यानं एकटी हसत होते. लोक बघत होते.”

“आजी, तुला माहीत होतं? तरी रोज जायचीस?”

“माहीत होतं म्हणून तर जायचे. घरी बसून नवी उदाहरणं लिहायचे. पुस्तक मुळात चोवीस पानांचंच होतं. पण बुधवारपर्यंत यांनी एका शब्दानं विचारलं नाही, आणि मामांचं पत्र आलं. मी कुठवर पानं वाढवणार?”

मी उशीचा अभ्रा ओढून नीट करायला लागलो. खूप गरजेचं काम होतं.

“आणि एकोणीस वाक्यं नव्हती,” आजी म्हणाली. “वीस होती. विसावं माझ्या अक्षरात होतं, स्वच्छ, शाईनं लिहिलेलं. कुणा परक्या माणसानं वाचावं म्हणून लिहिलं असतं का मी ते? पण या शहाण्यानं ते वाचलं, जुळवलं, त्याचं प्रूफ काढलं, आणि मला म्हणतो कसा, ‘बाई, हे एक वाक्य चुकून आलेलं दिसतंय, मी काट मारून ठेवलीय.’”

नात पोट धरून हसत होती. मग हसता हसता थांबली. तिनं मोबाइल उचलला, सकाळपासून लिहून पुसलेलं पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी अंगठा मागे गेला नाही.

“वाक्य माझं,” आजी माझ्याकडे बघत म्हणाली, आणि हनुवटी खाली गेली, “टिंबं माझी. तुमची काय ती तेवढी काट.”